रिकाम्या खिशाचा दंड

गेल्या रविवारी अभ्यासवर्गात मी म्हणालो, पुढच्या बैठकीला बँकेच्या दंडावर बोलू. तर एक दोस्त तडकलाच. म्हणाला, "गावागावांत आपली माणसं मार खातायत आणि तू पासबुक काढून बसलास? हा कारकुनी विषय आहे. पांढरपेशांचा चाळा." सगळे हसले. मीही हसलो. पण लोकलमध्ये लटकत घरी येताना ते हसणं घशात अडकलं. म्हणून हे लिहितोय. दोस्ता, हे तुला उत्तर आहे. भांडण नाही. पण उत्तर आहे.

माझी आई एका इस्पितळात ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करायची. अकरा वर्षं. ठेकेदाराने सगळ्या बायांना एका रांगेत उभं करून आधार कार्डं घेतली, अंगठे-सह्या घेतल्या, खाती उघडली. पगाराचं खातं. त्यात किमान शिल्लक ठेवायची गरज नाही, हे मात्र खरं सांगितलं. अर्धंच खरं. डिसेंबर २०२३ मध्ये ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने त्याची माणसं आणली. आई घरी बसली.

पुढची गंमत ऐक. पगाराच्या खात्यात सलग काही महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. साध्या खात्याला मिनिमम बॅलन्स. म्हणजे कामावर असताना खातं फुकट, काम गेलं की खात्याला भाडं. तिच्या खात्यात ६११ रुपये होते. एप्रिलपासून महिन्याला ३०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ३५४ रुपये. बेकार माणसाच्या दंडावर सरकार टॅक्सही घेतं, ही आपल्या प्रजासत्ताकाची कमाल बघ. एप्रिलात ३५४ गेले. मे महिन्यात उरलेले २५७ गेले. खातं शून्य.

रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम आहे. निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये. बँकेने नियम पाळला बरं का! शून्यावर थांबली. उरलेला दंड वहीत मांडून ठेवला. आमच्या आज्याच्या गावचा सावकारही असंच करायचा. आज नाही तर सुगीला, म्हणायचा. आईची सुगी आली ऑगस्ट २०२४ मध्ये. लाडक्या बहिणीचे पहिले ३००० रुपये जमा झाले. बँकेने दारातच ८०५ कापून घेतले. आईच्या हाती २१९५.

त्याच नियमात असंही आहे की दंड लावण्याआधी खातेदाराला कळवायचं आणि शिल्लक भरायला महिन्याची मुदत द्यायची. कळवलं होतं. एसएमएस गेला होता. पण खात्याला मोबाइल नंबर कुणाचा? ठेकेदाराच्या मुकादमाचा. अकरा वर्षं तिच्या पैशाचा निरोप दुसऱ्याच्याच खिशात वाजत होता.

मी शाखेत गेलो. काउंटरपलीकडे आपलाच माणूस. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो, चैत्यभूमीचं कॅलेंडर. मला आधी धीर आला. त्याने स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, "मिनिमम बॅलन्स ठेवायला पाहिजे ना." मागे रांग होती. रांगेत आमच्या वस्तीतली दोन माणसं होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सभेत घसा फाडून बोलणारा मी, त्या खिडकीपाशी मान खाली घालून उभा. आमच्याकडे पैसे नाहीत, हे चारचौघांत मोठ्याने म्हणायची लाज वाटली. "बरं" म्हणालो आणि बाहेर पडलो. हे लिहिताना अजून कान तापतात.

तुला हा कारकुनी विषय वाटतो, दोस्ता. मला तो माझ्या लाजेचा विषय वाटतो. बँकेची सगळी कमाई या लाजेवर चालते. ३५४ रुपयांसाठी कोण भांडणार? आणि भांडायचं तर आधी आपण कफल्लक आहोत हे जाहीर करायला लागणार.

आता माझ्या आईला सोडून दे. देशाचा हिशोब बघ. सरकारने लोकसभेत जुलै २०२४ मध्ये सांगितलेला आकडा आहे. सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक नसल्याबद्दल ८,४९५ कोटी रुपये वसूल केले. पहिल्या वर्षी १,७३८ कोटी, शेवटच्या वर्षी २,३३१ कोटी. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं की सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँकांनी मिळून २०१८ पासून किमान शिल्लकीपोटी २१,०४४ कोटी, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,२८९ कोटी आणि एसएमएसपोटी ६,२५४ कोटी घेतले. पस्तीस हजार कोटींच्या वर. हा पैसा कुणाचा? ज्याच्या खात्यात लाख पडलेत त्याचा नाही. त्याला तर चेकबुक फुकट, कार्ड फुकट, लॉकरला सवलत, वर मॅनेजरचा चहा. दंड फक्त त्याला, ज्याच्याकडे नाही. नसण्याचाच दंड.

देशातल्या बँकांनी २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत १६.३५ लाख कोटींची थकीत कर्जं ताळेबंदातून काढून टाकली. कुणी शहाणा म्हणेल, अहो, ताळेबंदातून काढणं म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते. मान्य. पण मोठ्याची वसुली चालू राहते आणि आईची वसुली होऊन जाते, हा फरक कुठल्या ताळेबंदात दिसतो?

स्टेट बँकेची कथा तर पाठ करून ठेवण्यासारखी आहे. २०१२ मध्ये किमान शिल्लकीची अट काढली. एप्रिल २०१७ मध्ये परत लावली. महानगरात ५००० रुपये. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत १,७७१ कोटी दंड जमला. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतला बँकेचा नफा होता १,५८१ कोटी. बोंबाबोंब झाली, दंड कमी केला, आणि मार्च २०२० मध्ये अट परत काढली. लावली, काढली, लावली, काढली. नळाची चावी त्यांच्या हातात.

२०२५ मध्ये कॅनरा बँकेने अट काढली, पाठोपाठ पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक, बँक ऑफ इंडिया. पेपरांनी गुलाल उधळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खात्यांना ५०,००० रुपयांची अट घातली. ओरड झाल्यावर काही दिवसांत १५,००० वर आली. आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले, किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेने ठरवावं. म्हणजे पुढे काय होणार ते स्वच्छ दिसतं. बँका दोन जातींच्या होणार. एक श्रीमंतांच्या, त्यांच्या उंबऱ्यावरच आकडा लिहिलेला. दुसऱ्या आपल्या, रांगेच्या आणि बंद पडलेल्या पासबुक मशीनच्या. आणि आपल्या बँकेतही एका हाताने किमान शिल्लक सोडायची, दुसऱ्या हाताने कार्डाची वार्षिक फी, एसएमएसची फी, मोफत मर्यादेनंतरच्या एटीएमचे २३ रुपये.

बँकवाले म्हणतात, खातं चालवायला खर्च येतो. फुकट कसं देणार? बरोबर आहे, खर्च येतो. पण मग पुरता हिशोब मांडा की! माझ्या बचतीवर तुम्ही वर्षाला अडीच टक्के व्याज देता आणि तोच पैसा आठ, दहा, बारा टक्क्यांनी कर्जाऊ देता. मधला फरक कुणाचा? जनधनच्या खात्यांत ऑगस्ट २०२५ मध्ये ५६ कोटींवर खातेदार होते आणि अडीच लाख कोटींवर पैसा पडलेला होता. झोपडपट्टीतली बाई, नाक्यावरचा बिगारी, ऊसतोड्या यांनी चिमूट चिमूट टाकलेला अडीच लाख कोटी! फुकट कोण खातंय? आम्ही खात्याचं भाडं आधीच देतो, पण व्याजाच्या फरकातून देतो म्हणून ते दिसत नाही. वर पुन्हा दंड, म्हणजे एकाच रस्त्यावर दोनदा टोल.

आणि जनधन तरी सुटलं का? तिथे किमान शिल्लक नाही. पण महिन्याला चार वेळा पैसे काढायला मोफत, पुढे बँकेची मर्जी. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक आशीष दास यांनी हे खोदून काढलं. एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० मध्ये स्टेट बँकेने अशा खात्यांतून चारवरच्या यूपीआय आणि रुपे व्यवहारांनाही दर वेळी १७ रुपये ७० पैसे लावून २५४ कोटी गोळा केले. सरकारच्या आदेशानंतर त्यातले ९० कोटी परत केले आणि १६४ कोटी राहिले, असा हिशोब २०२१ मध्ये बाहेर आला. एकीकडे पंतप्रधान सांगतात डिजिटल व्हा, दुसरीकडे शंभर रुपयांचा किराणा डिजिटल घेतला की सतरा रुपये सत्तर पैसे. आपल्या पोरीने भीम नावाच्या ॲपवरून तेल-मीठ घ्यावं आणि बँकेने तिच्याकडून पट्टी वसूल करावी! नाव बाबासाहेबांचं आणि कारभार खोताचा.

आपली चळवळ १९७२ मध्ये उभी राहिली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. मग त्यांच्या पैशाचीही कथा वाचायला पाहिजे. गुलामी संपली त्या १८६५ सालीच तिथल्या काँग्रेसने मुक्त झालेल्या काळ्यांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढायला मंजुरी दिली. सैनिकांनी, धुणेवाल्या बायांनी, शेतमजुरांनी पै-पै टाकली. वरच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी ती स्वतःच्या गोतावळ्याला, सट्टेबाजीला कर्जाऊ दिली. बँक बुडायला आल्यावर १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं. काळा माणूस खुर्चीत बसवला, पण तिजोरी आधीच रिकामी. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर घातले. जूनमध्ये बँक बंद. एकसष्ट हजार खातेदार, सुमारे तीस लाख डॉलर.

आज दीडशे वर्षांनी? तिथे चेकच्या साध्या खात्याला किमान शिल्लक, नाही तर महिन्याची फी. शिल्लकीपेक्षा जास्तीचा चेक गेला तर ओव्हरड्राफ्टची वेगळी फी. २०२३ च्या सरकारी पाहणीत दिसलं की १.९ टक्के गोऱ्या घरांत बँक खातं नाही आणि काळ्यांच्या १०.६ टक्के घरांत नाही. खातं का नाही, याचं सर्वांत जास्त घरांनी दिलेलं मुख्य कारण एकच. किमान शिल्लक ठेवण्याइतका पैसा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने मोठ्या बँकांची ओव्हरड्राफ्टची फी पाच डॉलरवर आणायचा नियम केला. २०२५ मध्ये काँग्रेसने तो खोडून टाकला. मात्र २०११ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने डेबिट कार्डाला महिना पाच डॉलर लावायचं जाहीर केलं तेव्हा लोकांनी खाती बंद करायची धमकी दिली, गलका केला, आणि महिनाभरात बँकेने शेपूट घातलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेव. सरकारचा नियम एका सहीने जातो. बँकेचा नियम लोकांच्या गलक्याने जातो.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण तू म्हणालास हा आपला विषय नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. मग हिल्टन यंग कमिशनसमोर त्यांनी चलनावर साक्ष दिली. महाडच्या तळ्यावर जाण्याआधी हा माणूस रुपयाच्या मुळाशी जाऊन आला होता. रुपया घसरला की आधी कुणाचं ताट रिकामं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा फोटो काचेखाली ठेवणाऱ्यांनी आणि भिंतीवर लावणाऱ्या आपण, दोघांनीही हे विसरून टाकलंय.

आणि महाडच घे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलंच होतं! पण २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यापैकी कुणाची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. लागली तेव्हा डोकी फुटली, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

बँकेतही असं एक तळं कागदावर खुलं आहे. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये आधी 'नो फ्रिल्स' खातं काढलं, मग ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्या जागी मूलभूत बचत ठेव खातं आणलं. इंग्रजी आद्याक्षरांनी बीएसबीडीए. किमान शिल्लक नाही. उघडताना पैसे भरायची सक्ती नाही. एटीएम कार्ड फुकट. जमा कितीही वेळा. महिन्याला किमान चार वेळा काढायला फुकट. खातं बंद पडलं म्हणून किंवा परत चालू केलं म्हणून फी नाही. हे खातं गरिबीचा दाखला दाखवून मागायचं नाही, ही सर्वांना मिळायची साधी बँकसेवा आहे, असं रिझर्व्ह बँकच म्हणते. खाजगी बँकांनाही ते लागू. जुनं बचत खातंही लेखी अर्ज करून यात बदलता येतं.

माझ्या आईला हे कुणी सांगितलं? ठेकेदाराने नाही. काचेखाली फोटो ठेवणाऱ्यानेही नाही. महिनाभराने मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "भावा, तेव्हा का नाही बोललास?" तो कपाकडे बघत म्हणाला, "वरून टार्गेट असतं रे. अशी खाती वाढवू नका म्हणतात, त्यातून काही सुटत नाही." मग थोड्या वेळाने, "पण तू अर्ज दिला असतास तर मी नाही म्हणालो नसतो." मला त्याचा राग आला आणि कीवही आली. राष्ट्रीयीकरण झालं, चौदा बँका १९६९ मध्ये, सहा १९८० मध्ये. राखीव जागा आल्या, आपली पोरं खुर्चीवर बसली. त्यासाठी आपण मोर्चे काढले. मग खुर्चीवरच्याने खिडकीबाहेरच्याला एक वाक्य सांगू नये? साहेब, हा अर्ज भरा. चार शब्द. दोस्ता, आपली चळवळ त्या चार शब्दांवर अडलीय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बँकेने मेहरबानीने काढलेली अट आणि नियमाने मिळालेलं खातं, यांत दान आणि हक्काइतका फरक आहे. दान २०१२ ला दिलं, २०१७ ला काढून घेतलं. फुकट खात्याचं भवितव्य बँकांच्या दयेवर ठेवलं तर ते पुढच्या तोट्याच्या तिमाहीपर्यंत टिकेल. मागणी अशी पाहिजे की शिल्लक नसल्याचा दंड कुठल्याही बचत खात्याला नको, कायद्याने नको. पगाराचं खातं बदलताना आपोआप मूलभूत खात्यात बदललं पाहिजे, दंडाच्या खात्यात नाही. आणि शिष्यवृत्ती, पेन्शन, योजना यांच्या पैशाला जुन्या दंडापोटी हात लावायचा नाही.

मागणी पुरी होईपर्यंत काय? पुढच्या रविवारी अभ्यासवर्ग वस्तीच्या समाजमंदिरात घेऊ. प्रत्येकाने घरातली पासबुकं आणायची. आईची, वहिनीची, आजीची, कॉलेजच्या पोरांची. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती येते ती खाती आधी बघू. एकेक ओळ वाचू, कुठे कापलंय, कशाबद्दल कापलंय. खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघू. नको असलेली खाती बंद करू. मग अर्ज लिहू. मजकूर साधा ठेवायचा, माझं बचत खातं मूलभूत बचत ठेव खात्यात बदलावं. लक्षात ठेवायचं, त्याच बँकेत दुसरं बचत खातं चालत नाही. कागदपत्रं पुरी द्यायची. अपुऱ्या कागदांवरचं 'छोटं खातं' असेल तर वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि महिन्याला दहा हजारांच्या वर निघत नाही, पोरांची फी तिथे अडकते. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्यायची. पोच नाही तर अर्जच नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. तिला पैसे पडत नाहीत. माहितीला १४४४८ नंबर आहे.

आणि एकट्याने जायचं नाही. एकटा मी गेलो होतो, "बरं" म्हणून परत आलो. पंचवीस जणांनी पंचवीस अर्ज घेऊन एकाच सकाळी, एकाच शाखेत जायचं. घोषणा नको, दगड नको. नुसती रांग. खिडकीशी मोठ्या आवाजात सांगायचं, माझ्याकडे शिल्लक नाही, मला माझ्या हक्काचं खातं पाहिजे. मागच्याने ऐकलं पाहिजे. त्याच्या मागच्यानेही ऐकलं पाहिजे. ज्याला लाज वाटायची त्याला वाटू दे.

आईचा अर्ज मी दिला. पोच घेतली. खातं बदललं. मोबाइल नंबर आता तिचा आहे. कापलेल्या १४१६ रुपयांसाठी तक्रार घातलीय, ते येतील तेव्हा येतील. गेल्या महिन्यात पैसे जमा झाल्याचा एसएमएस पहिल्यांदा तिच्याच फोनवर वाजला. तिला वाचता येत नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वाच. पुरता वाच. किती आले आणि किती राहिले, दोन्ही वाच."

दोस्ता, रविवारी येताना तुझ्या आईचं पासबुक आण.

जयभीम.